‘शून्य व्हीओसी’चा डबा आणि बिघडलेल्या चार भिंती: एका घराच्या रंगकामाचे प्रकरण

विटांचे, चुन्याच्या गिलाव्याचे, पन्नाशी ओलांडलेले तीन खोल्यांचे घर. घरात बाळ यायचे होते म्हणून रंगकाम काढले. अट एकच: जे वापरायचे ते पर्यावरणपूरक. बाळाच्या खोलीला ‘शून्य व्हीओसी’ इमल्शन, तेही गडद निळे. बैठकीच्या खोलीला चुना. ओल येणाऱ्या मागच्या भिंतीला ‘श्वास घेणारा’ सिलिकेट रंग. जुन्या लाकडी दारांना जवसाच्या तेलातला ‘नैसर्गिक’ रंग. प्रत्येक डब्यावर पान, थेंब नाहीतर हिरवा शिक्का.

आठ दिवसांत काम आटोपले. तीन आठवड्यांनी परिस्थिती अशी होती: निळ्या खोलीत शिरले की डोळे चुरचुरत. बैठकीत भिंतीला टेकले की पाठ पांढरी. मागच्या भिंतीवर पांढऱ्या क्षारांची लव फुटलेली. दारांना अजून बोट चिकटत होते. एका गोष्टीची मात्र कुणीच तक्रार केली नाही: रंग चढवण्याआधी दारे कोरडी घासली तेव्हा घरभर बसलेली धूळ. या सगळ्यात धोकादायक तीच होती.

(रंगकामात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एका जागी दाखवता याव्यात म्हणून हे घर नमुन्यादाखल घेतले आहे. मापे आणि हिशोब मात्र कोणत्याही घराला लावून पाहता येतील.)

निळी खोली: शून्य कुठे गेले?

व्हीओसी म्हणजे हवेत सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायने. रंगातली व्हीओसी कमी करण्याचे नियम मुळात घरातल्या हवेसाठी झालेले नाहीत, हे सहसा कुणी सांगत नाही. ही रसायने उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिसळली की जमिनीलगत ओझोन आणि धुरके तयार होते. ते रोखणे हा मूळ उद्देश. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत अॅसिटोन व्हीओसीच्या यादीतून वगळलेले आहे. ते नाकाला झोंबते, पण धुरके बनवण्यात त्याचा वाटा नगण्य. अमोनिया तर सेंद्रियच नाही, त्यामुळे तो मोजलाच जात नाही. युरोपीय नियमात व्हीओसीची व्याख्या उत्कलनबिंदूवर ठरते: २५० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तरच व्हीओसी. इमल्शनची पापुद्र्यासारखी सलग फिल्म जमावी म्हणून जे सहायक द्रव घालतात, त्यातल्या टेक्सॅनॉलचा उत्कलनबिंदू या रेषेच्या किंचित वर आहे. कागदावर त्याची नोंद शून्य. खोलीत ते आठवडेच्या आठवडे हळूहळू सुटत राहते.

म्हणजे ‘शून्य व्हीओसी’ हे एका ठरावीक मोजणीचे उत्तर आहे. शिवाय ‘शून्य’चा अर्थही बहुधा लिटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी एवढाच असतो.

खरी गफलत दुकानातल्या टिंटिंग मशीनखाली झाली. डब्यावरचा आकडा बेसचा, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगाचा होता. मशीन त्यात शेडसाठी जे स्टेनर (दाट द्रव रंगद्रव्ये) सोडते ते सुकून नळी तुंबू नये म्हणून पारंपरिक स्टेनरमध्ये ग्लायकॉल हे हळू उडणारे द्रव घातलेले असते. हिशोब करून पाहू. स्टेनरमध्ये लिटरमागे ३०० ग्रॅम व्हीओसी आहे असे धरू. गडद निळ्यासाठी लिटरभर बेसला १०० मिलिलिटर स्टेनर लागला, म्हणजे ३० ग्रॅम आले. बेसचे ५ धरून ३५ ग्रॅम, आणि आता रंग झाला १.१ लिटर. म्हणजे लिटरमागे जवळजवळ ३२ ग्रॅम. युरोपात घरातल्या भिंतींच्या मॅट रंगाला २०१०पासून लिटरमागे ३० ग्रॅमची मर्यादा आहे. ‘शून्य’ म्हणून घेतलेला डबा साध्या इमल्शनच्या मर्यादेपलीकडे जाऊन बसला. तीच खोली फिकट शेडमध्ये केली असती आणि लिटरला १० मिलिलिटर स्टेनर पडला असता, तर आकडा ८च्या आत राहिला असता. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न ‘हा रंग शून्य व्हीओसी आहे का?’ हा नव्हे. ‘स्टेनरही शून्य व्हीओसीचे आहेत का, आणि या शेडला लिटरमागे किती मिलिलिटर पडणार?’ असे विचारावे. मशीनच्या चिठ्ठीवर स्टेनरचे प्रमाण छापून येते. ती चिठ्ठी मागून घ्यावी.

डोळ्यांची चुरचुर मात्र एकट्या ग्लायकॉलच्या माथी मारता येत नाही. पाण्यातला रंग डब्यात सडतो. बंद डब्यात जंतू वाढू नयेत म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन गटाची परिरक्षके घालतात: एमआयटी, बीआयटी, सीएमआयटी. त्यांची मात्रा दशलक्षात काही ते काहीशे भाग एवढीच असते, पण ज्यांना त्यांची अॅलर्जी आहे त्यांना तेवढी पुरते. रंग वाळल्यावरही ती काही दिवस ते काही आठवडे हवेत येत राहतात, आणि चेहऱ्यावर, पापण्यांवर पुरळ उठू शकते. व्हीओसीच्या आकड्यात याचा मागमूस नसतो. त्यासाठी डब्यामागचा बारीक मजकूर वाचावा लागतो, कारण युरोपात विकल्या जाणाऱ्या डब्यांवर ‘अमुक घटक आहे, अॅलर्जी होऊ शकते’ अशी ओळ सक्तीने असते. परिरक्षक अजिबात नसलेला रंग हवा असेल तर सिलिकेट किंवा चुन्याकडे वळावे. त्यांचा पीएच ११च्या वर असल्याने जंतू तिथे मुळातच तग धरत नाहीत.

वास नाही म्हणजे धोका नाही, हा समजही इथे नडला. पहिल्या दोन दिवसांत वास गेला, खिडक्या बंद झाल्या. वास जातो तो आधी उडणाऱ्या गोष्टींचा. मागे राहतात त्या हळू उडतात आणि त्यांना जवळजवळ वासच नसतो. हात लावून कोरडा वाटणे ही एक-दोन तासांची गोष्ट आहे. फिल्म पूर्ण पक्की व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. बांधकाम साहित्यातून हवेत काय सुटते याच्या चाचण्याही म्हणूनच ३ आणि २८ दिवसांनी मोजल्या जातात. खरेदी करताना डब्यातल्या ग्रॅमपेक्षा हा २८ दिवसांचा उत्सर्जनाचा आकडा जास्त कामाचा. फ्रान्समधली ए+ श्रेणी अशाच मापनावर ठरते: २८ दिवसांनंतर एकूण व्हीओसी घनमीटरला १००० मायक्रोग्रॅमच्या आत आणि फॉर्माल्डिहाइड १०च्या आत.

शिक्क्यांतही फरक असतो. जर्मनीचा ‘ब्लू एंजल’ (१९७८पासून), ‘नॉर्डिक स्वान’, युरोपीय संघाचे ‘इकोलेबल’ हे तिसऱ्या पक्षाने तपासून दिलेले शिक्के आहेत. नुसते पान, ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ ही कंपनीची स्वतःची घोषणा. ती खोटीच असते असे नाही, पण ती तपासलेली असतेच असेही नाही. या घरातल्या चार डब्यांपैकी एकावरच तपासलेला शिक्का होता.

दुरुस्ती काय केली? काहीच खरवडले नाही. वाळलेली फिल्म घासली तर जे भिंतीत आहे ते धूळ होऊन हवेत येते. वर दुसरा ‘सुरक्षित’ रंग मारणे म्हणजे ओल्या रंगाचा नवा डोस. समोरासमोरच्या खिडक्या दिवसभर उघड्या, रात्रीही फट, ऊब असेल तेव्हा अधिक वेळ, आणि सहा आठवडे खोली बिछान्याविना रिकामी. बाळाची खोली रंगवायची तर तारखेच्या दोन महिने आधी. यापेक्षा चांगला उपाय कुठल्याही डब्यात मिळत नाही.

बैठकीची खोली: चुना कुणाला लागला

इथे ‘चुना लावला’ हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरला. चुना हा उत्तम रंग आहे. तो या भिंतीला लावायचा नव्हता, एवढेच.

विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. भिंतीवर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. हे घडायला दोन गोष्टी लागतात: चुन्याचे पाणी आत शोषणारी सच्छिद्र भिंत आणि काही दिवस टिकणारा दमटपणा. बैठकीच्या भिंतीवर आधीचे प्लास्टिक इमल्शन होते. चुना त्यात मुरला नाही, वरच वाळला. दगड व्हायच्या आतच पाणी उडाले आणि उरली ती भुकटी.

हे आधी कळले असते का? पाच मिनिटांत. भिंतीवर ओल्या बोटाने पाण्याचा ठिपका ठेवावा. अर्ध्या मिनिटात तो काळसर होऊन आत गेला तर भिंत चुना घेईल. मण्यासारखा तसाच राहिला तर नाही. जुना थर कोणता हे बघायचे तर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस एका जागी घासावा. इमल्शन मऊ होऊन कापसावर उतरते, ऑइलपेंट उतरत नाही. थर घट्ट आहे का ते बघायला ब्लेडने फुलीसारखी चीर पाडून चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी.

भिंत योग्य असली तरी चुना हाताळण्याची रीत आहे, आणि तिथेही या घरात घाई झाली. चुन्याचा पहिला हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो. भिंत झाकली गेली नाही असे वाटून रंगारी दाट चुना मारतो. दुसऱ्या दिवशी पातळ हातसुद्धा वाळून पांढराफेक झालेला दिसला असता, पण तेवढा धीर कुणाला नसतो. दाट थर तडकतो आणि भुकटी होऊन झडतो. योग्य प्रमाण असे: मुरलेल्या चुन्याचा लगदा १ भाग, पाणी ३ भाग, चाळून घेतलेले, दुधाइतके पातळ. आधी भिंत ओली करावी, पाणी ओघळू नये पण कोरडी जागाही राहू नये. हात ४ ते ५, प्रत्येक हातात २४ तासांचे अंतर, प्रत्येक वेळी आधी हलका पाण्याचा फवारा. बादली सतत ढवळायची, कारण चुना तळाशी बसतो आणि शेवटी उरते ती दाट खळ. रंग घालायचा तर अल्कली सोसणारे खनिज रंगच: गेरू, पिवळी माती, लोहाच्या ऑक्साइडांचे रंग. कोरड्या चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांवर जाऊ नये, नाहीतर चुन्याची बांधण्याची ताकद कमी पडते. प्रशियन ब्लू चुन्यात टिकत नाही.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हेही चुन्याला लागू नाही. त्याचा पीएच १२च्या वर असतो. छताला चुना मारताना एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. गेलाच थेंब, तर किमान १५–२० मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याखाली डोळा धरून लगेच डॉक्टर.

आणि ‘चुना कार्बन शोषतो, म्हणून तो हवा शुद्ध करतो’ हे अर्धे वाक्य आहे. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजताना दर ५६ किलो कळीच्या चुन्यामागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातून बाहेर पडतो. भिंतीवर चुना फारतर तेवढाच परत घेतो. भट्टीच्या इंधनाचा धूर परत घेत नाही.

बैठकीत शेवटी भुकटी ओल्या ब्रशने धुऊन काढली. पुढे दोन वाटा होत्या. एक, इमल्शन पूर्ण खरवडून गिलाव्यापर्यंत जाणे. दुसरी, घट्ट बसलेला जुना थर तसाच ठेवून त्यावर धुता येणारे फिकट इमल्शन मारणे. दुसरी निवडली. जो प्लास्टिकचा थर भिंतीवर आधीच आहे तो सोलून कचऱ्यात टाकण्यात निसर्गाचे भले काय, हे समजावून सांगणे अवघड आहे. चुना आवडत असेल तर तो कोऱ्या गिलाव्यासाठी राखून ठेवावा.

रंग निवडताना घासणी सोसण्याची श्रेणी पाहिली. युरोपीय मानकात वर्ग १ म्हणजे ओल्या घासणीच्या २०० फेऱ्यांत ५ मायक्रोमीटरपेक्षा कमी झीज. वर्ग ३मध्ये ती ७० मायक्रोमीटरच्या जवळ जाऊ शकते. मातीचे, केसिनचे (दुधातल्या प्रथिनाचे) रंग दिसायला सुरेख असतात, पण मुलांच्या हातांच्या डागांना ओले फडके लावले की डागासोबत रंगही निघतो. दर दोन वर्षांनी रंगवावी लागणारी भिंत आणि आठ वर्षे टिकणारी भिंत यांत चौपट रंगाचा फरक पडतो. पांढरा रंग देणारे टायटॅनियम डायऑक्साइड बनवायला भरपूर ऊर्जा लागते, तेव्हा टिकाऊपणा हा पर्यावरणाचाच भाग आहे.

मागची भिंत

इथे फार बोलण्यासारखे नाही, कारण दोष रंगाचा नव्हता. सिलिकेट रंग पोटॅशियम वॉटरग्लासवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पोटॅशियम सिलिकेटवर बेतलेला असतो. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८मध्ये त्याचे पेटंट घेतले. तो खनिज गिलाव्याशी रासायनिक बंध करतो आणि वाफ सहज जाऊ देतो. पण ‘श्वास घेणारा’ म्हणजे वाफ अडवत नाही एवढेच. भिंत हवा आत-बाहेर करत नाही, खोलीतला दमटपणा घालवायला खिडकीच लागते, आणि भिंतीत शिरणारे पाणी तर कुठलाच रंग थांबवत नाही. रंगाने वाफेला वाट दिली, भिंतीतल्या पाण्यासोबत वर आलेले क्षार पाणी उडाल्यावर पृष्ठभागावर उमलले. रंगाने आपले काम चोख केले म्हणा ना.

पाणी कुठून येते हे बघायला हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवला. दव खोलीकडच्या बाजूला आले तर ते खोलीतल्या हवेचे, कागदाच्या मागे आले तर भिंतीतले. मागेच आले. पलीकडच्या न्हाणीघरातली नळाची जोडणी गळत होती. ती दुरुस्त केली. ओलीच्या रेषेच्या वर आणखी ४० सेंटीमीटरपर्यंत गिलावा काढला. क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढले, पाण्याने धुतले नाहीत, कारण पाण्याने ते पुन्हा विरघळून आत जातात. मग भिंत वाळू दिली. ढोबळ नियम: दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना. थांबणे जिवावर येते, पण ओल्या भिंतीवर केलेला प्रत्येक नवा थर पुन्हा सोलावा लागतो. बुरशीनाशक रंग इथे सुचवला गेला होता. तो टाळला, कारण त्यातले जीवनाशक घरातल्या हवेत जाते आणि पाणी मात्र तसेच राहते.

दारे: चिकटपणा, चिंध्या आणि धूळ

जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. साध्या भाषेत ‘वाळते’. हे होताना त्यातून हेक्झानलसारखी अल्डिहाइडे सुटतात. पातळ करायला संत्र्याच्या सालीतले लिमोनिन घातलेले होते. ते वनस्पतीतून आले तरी व्हीओसीच आहे, हवेतल्या ओझोनशी त्याची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड तयार होते, आणि जुने झालेले लिमोनिन त्वचेला अॅलर्जी देते. तेल वाईट नाही. हात जाड बसले म्हणून दारे चिकट राहिली: वरचा पापुद्रा आधी घट्ट झाला आणि आतल्या तेलाला हवा मिळेना. तेलाचा हात पुसून इतका पातळ करायचा की १५ मिनिटांनी फडक्याला काही लागू नये.

त्या फडक्यांचे काय करायचे, हे डब्यावर बारीक अक्षरांत असते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर ऑक्सिडीकरणाची उष्णता आत साठत जाते आणि काही तासांत गोळा आपोआप पेटू शकतो. काडी लागत नाही. चिंधी उघड्यावर एकेरी पसरून वाळवावी, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावी.

आता धूळ. पन्नास वर्षांच्या दारांवरच्या तळच्या थरांत शिसे असण्याची शक्यता बरीच असते: पांढऱ्या रंगात शिशाचे कार्बोनेट, पिवळ्या-केशरीत लेड क्रोमेट, शिवाय रंग लवकर वाळावा म्हणून घातलेले शिशाचे घटक. घराच्या आतल्या रंगात पांढरे शिसे वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९२१चा आहे, तरी जगभर ते पुढे कित्येक दशके चालू राहिले. वर कितीही हिरवा डबा उघडला तरी खाली पॉलिश पेपरने जे उडते ते शिसेच. गर्भवतीच्या आणि लहान मुलांच्या शरीरात ते गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. त्याची सुरक्षित अशी किमान पातळी सापडलेली नाही.

करायला हवे होते ते असे: आधी रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासणे. थर घट्ट असेल तर घासूच नये, वरून झाकावा. घासायचेच तर ओल्या पॉलिश पेपरने, जमिनीवर जाड प्लास्टिक, दाराला पडदा, तोंडाला धुळीचा खरा रेस्पिरेटर, कापडी पट्टी नव्हे. गरम हवेच्या गनने जाळून काढायचे नाही, झाडू मारायचा नाही. हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम, मग दोन बादल्यांनी ओले पुसणे. घरातल्यांनी त्या दिवसांत दुसरीकडे राहायचे. इथे ते मागाहून केले: दारांना हात लावला नाही, पण जमिनी, खिडक्यांच्या खाचा आणि कपाटांचे माथे हेपाने ओढून दोनदा ओले पुसले.

उरलेला रंग

निळ्या खोलीची भिंत मोजून घेतली असती तर: ३ × ३.६ मीटर खोली, उंची २.८, भोवतालचा घेर १३.२ मीटर, म्हणजे ३७ चौरस मीटर. दार-खिडकीचे ४ वजा, उरले ३३. लिटरला १० चौरस मीटर धरून दोन हातांना ६.६ लिटर. आणले होते १० लिटर, ‘कमी पडायला नको’ म्हणून. टिंट केलेला डबा दुकान परत घेत नाही. पर्यावरणपूरक रंगातला तिसरा हिस्सा असा पहिल्याच दिवशी उरला.

उरलेला रंग काठोकाठ भरतील अशा दोन लहान डब्यांत ओतला, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात रंगावर साय धरते. डब्यांवर खोली, शेडचा क्रमांक आणि तारीख लिहिली. उघडल्यावर कुजका वास आला तर जंतू शिरले, तो रंग भिंतीवर न्यायचा नाही. रोलर धुण्याआधी पट्टीने खरवडून रंग डब्यात परत घेतला. पहिले धुणे एका बादलीत, दुसरे दुसऱ्या. गाळ दोन दिवस खाली बसू दिला. वरचे पाणी पुढच्या वेळच्या पहिल्या धुण्यासाठी राखले. तळाचा गाळ वर्तमानपत्रावर पसरून वाळवला आणि घन कचऱ्यात दिला. तो मोरीत ओतला असता तर प्लास्टिकचे कण थेट सांडपाण्यात गेले असते, कारण अॅक्रिलिक इमल्शन हे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकच आहे, मग डब्यावर पान असो वा नसो.